वायरमन भाऊ, लंकेला जा

पत्र असं आलंय:

‘साहेब, मी राजापूर तालुक्यात वीज कंपनीत तंत्रज्ञ आहे. वय ३८, बारावीनंतर आयटीआय, नोकरीला १४ वर्षं झाली. आमच्याकडून यंदा काही फील्ड स्टाफला आठ आठवडे परदेशातल्या वीज कंपनीत इंटर्नशिपला पाठवणार आहेत. विषय आहे सोलर आणि ते लाईनला जोडणं. आमच्या साहेबांनी माझं नाव दिलंय. फॉर्ममध्ये पसंती भरायची आहे, जर्मनी किंवा श्रीलंका. बॅचही दोन आहेत, जुलै-ऑगस्ट किंवा जानेवारी-फेब्रुवारी. बाकी सगळ्यांनी जर्मनी भरलंय. इंग्रजी मला वाचता येतं, बोलताना अडखळतो. पावसात सेक्शन सोडून गेलो तर माझ्या नऊ वाड्या दुसऱ्याच्या गळ्यात पडणार. बरोबरचे म्हणतात, तिकडे जाऊन करणार काय, परत येऊन डीपीचा फ्यूजच घालायचाय ना? घरी आई आहे, तिला साखर आहे. बायको, दोन मुलं आणि हापूसची चाळीस कलमं. जाऊ का? गेलो तर कुठे जाऊ? एक वायरमन, राजापूर तालुका.’

वायरमन भाऊ,

जा. पसंतीत श्रीलंका भरा आणि बॅच जानेवारीची मागा. फॉर्मची मुदत जवळ आली असेल, म्हणून उत्तर आधी दिलं. का ते आता सावकाश सांगतो.

बरोबरच्यांच्या बोलण्यापासून सुरू करतो, कारण ते तुम्हाला लागलंय हे पत्रातून कळतं. फ्यूज तोच असेल, पण त्या डीपीखालची, म्हणजे वाडीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरखालची लाईन आता ती राहिलेली नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा वीज एकाच वाटेने चालायची. सबस्टेशन, फीडर, डीपी, पोल, घर. डीपीजवळच्या घरात बल्ब लखलखीत आणि वाडीच्या शेवटच्या घरात ट्यूब फडफडायची. शेवटच्या घरची तक्रार वर्षानुवर्षं एकच, व्होल्टेज नाही. आता त्याच घरावर तीन किलोवॉटचं सोलर बसतं, पॅनेलची वीज लाईनजोगी करणारा इन्व्हर्टर बसतो, आणि फोन येतो, ‘वायरमन, दुपार झाली की इन्व्हर्टर बंद पडतो, लाईनमध्ये काहीतरी आहे.’ आणि लाईनमध्ये खरोखरच काहीतरी असतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान, आणि देशभरात एक कोटी घरांचं लक्ष्य. आपल्या वाड्यांत सोलर कोण बसवतंय ते तुम्ही रोज पाहता. गावात राहणारे बसवतात, तसे मुंबईला राहणारेही बसवतात. मुंबईकराचं घर वर्षाचे दहा महिने कुलपात. फ्रीज बंद, पंप बंद, पंखा बंद. तीन किलोवॉटमधून स्वच्छ उन्हात दिवसाला बाराएक युनिट तयार होतात आणि त्यातलं त्या घरात काहीच खपत नाही, सगळं लाईनवर येतं. आपली लाईन लांब आणि तार बारीक. एका डीपीवरून दोन-दोन वाड्या, मधे वहाळ, मधे काजूची झाडी. त्या बारीक तारेतून वीज मागे ढकलायची तर शेवटच्या टोकाचं व्होल्टेज चढतं. २३० ची लाईन २४५ होते, २५० होते. २५३ च्या आसपास, म्हणजे साधारण दहा टक्के वर गेली की इन्व्हर्टर स्वतःला लाईनपासून तोडून घेतो. थोड्या वेळाने पुन्हा जोडतो, पुन्हा तोडतो. शेजारच्या म्हातारीच्या घरातला बल्ब मात्र त्या चढलेल्या व्होल्टेजवर जळत राहतो, आणि महिन्यात तिसरा बल्ब उडाला की ती तुम्हाला विचारते.

मग गणपती येतात. कुलपं निघतात, एकेका घरात वीस माणसं, संध्याकाळी सहानंतर सगळ्या पंपांची, पंख्यांची, मिक्सरची गर्दी. तेव्हा सोलर झोपलेलं असतं आणि तीच डीपी भाराने तापते. एकाच डीपीची ही दोन टोकं पुण्यातल्या अपार्टमेंटला दिसत नाहीत. ती कोकणातल्या वाडीलाच दिसतात. फोन तर आधी तुम्हालाच येतो, सोलर बसवणारा तोवर पुढच्या गावात गेलेला असतो. त्यामुळे ही विद्या पोलावर चढणाऱ्या माणसाला यायला हवी असं मला मनापासून वाटतं. तुमच्या साहेबांनी तंत्रज्ञाचं नाव दिलं, हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं.

याहून मोठं कारण जिवाचं आहे.

माझ्या नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षी, जूनमध्ये, एका वाडीत आंब्याची फांदी पडून लाईन तुटली. आम्ही डीपीवरून सप्लाय पाडला, तिन्ही फ्यूज काढून पिशवीत टाकले, लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद आहे, काम करा अशी परवानगी, घेतली. माझा सहकारी पोलावर चढला, स्वतःला पोलाला बांधून घ्यायचा झुला अडकवला, तुटलेल्या तारेला हात लावला आणि मागे फेकला गेला. झुल्याने तो लोंबकळत राहिला म्हणून वाचला. उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधीच नीट मिटली नाहीत. चार घरं पलीकडे बारसं होतं. भाड्याने आणलेला जनरेटर मेन स्विच न पाडता थेट बोर्डाला जोडला होता आणि त्या घरातून वीज उलटी लाईनवर आली होती. घरमालक वाईट माणूस नव्हता. त्याला माहीतच नव्हतं, आणि आम्हीही तार हातात घेण्याआधी दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेतली वीज जमिनीत सोडणारी काठी, टाकला नव्हता.

तेव्हा वाडीत तो एक जनरेटर होता. आता एका डीपीखाली सात-आठ सोलर असू शकतात. लाईन गेली की साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपोआप थांबतो, त्याची रचनाच तशी असते. पण लोक आता बॅटरीवाले हायब्रिड घेतायत. त्याचं वायरिंग कोणी घाईत चुकीचं केलं, बॅकअपची तार मेनच्या बोर्डात नेऊन मिळवली, तर डीपी बंद असूनही पोलावर वीज असेल. ‘डीपी पाडली म्हणजे लाईन मेली’ हे आपण इतकी वर्षं म्हणत आलो, ते आता पुरत नाही. टेस्टर लावायचा, मग कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड, मग मधे हात. हा क्रम ज्या देशांत घरोघरी सोलर आहे तिथले लाईनमन कसा पाळतात, कोणाला विचारून पाळतात, कोणत्या घरी सोलर आहे याची यादी त्यांच्या हातात असते का, हे तुम्ही डोळ्यांनी बघून या. आठ आठवड्यांत एवढं एकच नीट पाहिलंत तरी जाणं वसूल आहे.

आता जर्मनी का नको.

जर्मनीत शिकण्यासारखं पुष्कळ आहे, ते नाकारत नाही. तुम्ही सर्कल ऑफिसात प्लॅनिंगला असतात तर मीच तिकडे जा म्हटलं असतं. त्यांच्या ५०.२ हर्ट्झची गोष्ट तर जर्मनीला न जाताही प्रत्येक वायरमनला माहीत असावी. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास असते. सुरुवातीच्या काळात तिथे बसवलेल्या सोलर इन्व्हर्टरना एक आकडा घालून दिला होता, ती ५०.२ झाली की बंद व्हायचं. पॅनेल थोडी होती तोवर ठीक चाललं. मग छपरं भरली, आणि लक्षात आलं की कधी फ्रिक्वेन्सी तिथे पोचली तर देशातली कितीतरी हजार मेगावॉट सोलर वीज एकाच क्षणी नाहीशी होईल. २०१२ पासून त्यांना तीन लाखांहून जास्त ठिकाणी पुन्हा जाऊन तो आकडा बदलावा लागला. एका डब्यातलं एक सेटिंग. म्हणून नवीन सोलर जोडताना मीटरच्या सीलबरोबर इन्व्हर्टरचं सेटिंगही बघून रजिस्टरला लिहायची सवय आजच लावून घ्या.

पण तुम्ही पोलावरचे माणूस. जर्मनीत लघुदाबाची बहुतेक लाईन जमिनीखाली केबलमध्ये आहे. आठ आठवडे तुम्ही पेट्या उघडताना बघाल आणि परत येऊन खारेपाटणच्या खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात हलणाऱ्या तारेखाली उभे राहाल. तिथलं इथे लावता येईल असं हाताशी फार थोडं उरेल.

श्रीलंकेत लाईन पोलावरून जाते. नारळीतून, भातखाचरावरून, कौलारू घरांच्या पागोळ्यांवरून. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखंच. त्यांच्या नैऋत्य किनाऱ्याला आपलाच मोसमी पाऊस झोडपतो, फक्त आपल्या थोडा आधी. खारा वारा तोच. समुद्राजवळ एसीएसआर, म्हणजे वरून अ‍ॅल्युमिनियम असलेल्या तारेचा आतला पोलादी गाभा गंजतो, बाहेरून तार धडधाकट दिसते आणि पहिल्या वादळात तुटते, हे मी तुम्हाला सांगायला नको. ते लोक किनाऱ्याला कोणती तार घालतात, अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं जिथे भेटतं तिथला लग किती वर्षं टिकतो, छपरावरच्या स्ट्रक्चरचे बोल्ट कशाचे वापरतात, हे प्रश्न तिथे विचारलेत तर उत्तर तुमच्या कामाचंच मिळेल. तिथे जांभासुद्धा आहे. त्याला ते ‘कबूक’ म्हणतात आणि आपल्यासारखेच त्याचे चिरे काढून घरं बांधतात.

जांभा आला म्हणून अर्थिंगचं बोलतो. हा आपल्याकडचा जुना दुखरा विषय आहे आणि सोलरमुळे तो आणखी दुखणार आहे. पॅनेलच्या सांगाड्याला अर्थिंग, आभाळातल्या विजेपासून बचावाला वेगळं, एसी बाजूला वेगळं. कातळावरच्या घराला एक खड्डा मारताना पहार वाकते, तिथे तीन कोण मारणार? बसवणारा वीतभर खोदून इलेक्ट्रोड आडवा टाकतो आणि वर माती लोटतो. जुलैत मोजलं तर रीडिंग छान येतं, कारण कातळ पाणी प्यालेला असतो. मे महिन्यात तोच खड्डा मोजा, आकडा कितीतरी पट चढलेला असतो. आणि नेमक्या मे अखेरीस वळवाच्या विजा पडतात. मोजणंही सोपं नाही. अर्थ टेस्टरच्या खुंट्या कातळात शिरत नाहीत. आम्ही दोन गोणपाटं पाण्यात भिजवून कातळावर पसरायचो, खुंट्या त्यांवर आडव्या टाकायचो, वरून आणखी पाणी ओतायचो आणि मग हँडल फिरवायचो. असं केलं की रीडिंग येतं. हे कोणत्या पुस्तकातून नाही, एका म्हाताऱ्या लाईन हेल्परकडून शिकलो. तुम्हीही तिथल्या म्हाताऱ्या हेल्परना विचारा, कबुकात ते अर्थिंग कसं करतात.

श्रीलंका भरा म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी अकराच्या पुढे अख्ख्या देशाची वीज गेली. कोलंबोच्या दक्षिणेला पानदुरा इथल्या सबस्टेशनमध्ये माकड शिरलं, असं तिथल्या मंत्र्यांनी सांगितलं, आणि जगभर त्या माकडाचीच बातमी झाली. आपल्याकडे माकडाने लाईन पाडणं नवीन नाही, तुमच्या सेक्शनला महिन्यातून एकदा होत असेल. पण म्हणून देश अंधारात जात नाही. तिथे गेला, कारण रविवार होता, कारखाने बंद, मागणी कमी, ऊन कडक. विजेचा मोठा वाटा सोलरमधून येत होता आणि फिरणारी मोठी जनित्रं थोडी होती. जनित्राचं जड चाक धक्का बसला तरी फिरत राहतं आणि फ्रिक्वेन्सी सावरायला चार क्षण देतं. सोलरच्या इन्व्हर्टरला असं चाक नसतं. एक धक्का बसला आणि सगळं एकामागून एक सुटत गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीत, वीज मंडळाने छपरावर सोलर असलेल्या लोकांना दिवसा ते बंद ठेवायची विनंती केली.

हे आपल्याकडे जसंच्या तसं होईल असं मी म्हणत नाही. श्रीलंका बेट आहे, तिचं ग्रिड दुसऱ्या कोणत्याही देशाला जोडलेलं नाही. आपलं ग्रिड ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिण विभाग जोडला गेल्यापासून देशभर एक आहे. त्यामुळे राजापूरच्या वाडीतल्या सोलरने आपली फ्रिक्वेन्सी हलणार नाही. पण व्होल्टेज ही ज्याच्या त्याच्या वाडीची गोष्ट असते. त्यांना देशभर जे सोसावं लागलं त्याचं छोटं रूप तुमच्या एका डीपीखाली रविवारी दुपारी असतं. ज्या माणसांनी तो रविवार निस्तरला त्यांच्याबरोबर डबा खायला मिळणं ही मोठी संधी आहे. जर्मनीचे लोक आता मागे वळून सांगतील. लंकेचे लोक अजून त्याच्या मधोमध आहेत, रोज चुकतायत, रोज सुधारतायत.

भाषेची भीती मनातून काढा. तुमच्या कामाचे अर्धे शब्द तुम्ही आधीच त्याच भाषेत बोलता. जम्पर, लग, न्यूट्रल, आयसोलेटर, लोड, ट्रिप. सिंगल लाईन डायग्राम जगात सगळीकडे तोच. ऑफिसात इंग्रजी चालतं, फील्डवर सिंहली किंवा तमिळ. आणि सिंहली आपल्याच घरची आहे. त्यांचे आकडे बघा: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट. विजेला ते विदुलिय म्हणतात, वीज मंडळाला लंका विदुलिबल मंडलय म्हणत आलेत. तिथल्या पोलाखाली उभं राहून ‘मंडलय’ ऐकलंत की आपले जुने बोर्डाचे दिवस आठवतील. मंडळ मोडून वेगळ्या कंपन्या करायचा कायदा तिथे २०२४ मध्ये झाला, आपल्याकडे हे २००५ ला झालं. तेव्हा आपल्या लोकांना काय वाटलं होतं ते तुम्ही त्यांना सांगू शकता. त्यांनाही ते ऐकायचं असेल. जेवणाची तर काळजीच नको. भात, माशाचं कालवण, फणसाची भाजी, आणि ओलं खोबरं, मिरची, लिंबू कालवून केलेलं पोल सांबोल. ते खाताना तुम्हाला आईच्या हातची चटणी आठवेल.

बॅच जानेवारीची का, हे तुमच्या पत्रातच आहे. पावसात नऊ वाड्या सोडून जायला तुमचं मन घेत नाही, आणि ते बरोबर आहे. मी त्याला अडचण म्हणणार नाही, ती तुमची नोकरीवरची निष्ठा आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे लाईन उभी करायला बाहेरच्या जिल्ह्यांतून पथकं आली. हुशार माणसं, पण कातळात पोलाचा खड्डा पहारीने होत नाही हे कळेपर्यंत त्यांचा पहिला दिवस गेला. कुठल्या पऱ्यातून पाय टाकायचा, कोणाच्या बागेतून शिडी न्यायची, कोणती डीपी पाण्यात जाते, हे ज्याला पाठ आहे त्याने जुलैत जागेवर असावं. शिवाय शिकायच्या दृष्टीनेही जानेवारी-फेब्रुवारी बरा. कडक ऊन आणि रविवारची कमी मागणी तिथे तेव्हाही असते.

कलमांचं मात्र नुकसान आहे, ते लपवत नाही. जानेवारी म्हणजे मोहोर, तुडतुडे, भुरी, फवारण्या. भाऊ किंवा शेजारी कोणी असेल तर उत्तम, नाहीतर चाळीस कलमांची फवारणी यंदा ठरवून दुसऱ्याला द्या. शिमग्याला तुम्ही घरी असाल आणि आंबा उतरवायला तर नक्कीच.

आता कागद. हे मी जरा कडक शब्दांत सांगणार आहे.

मलाही एकदा बाहेर पाठवलं होतं. नव्वदच्या दशकात, तीन आठवडे, रिलेचं, म्हणजे बिघाड झाला की लाईन आपोआप तोडायला लावणाऱ्या उपकरणाचं काम शिकायला. एक जाड वही भरून आलो. परत आल्यावर दीड महिन्यात माझी बदली स्टोअरला झाली. पोल मोजायचे, ड्रम मोजायचे, चलनं लावायची. तीन वर्षं तिथे होतो. बाहेर आलो तेव्हा रिलेची पिढी बदलली होती आणि वहीत लिहिलेलं कोणालाही दाखवावं असं राहिलं नव्हतं. ज्यांनी बदली केली त्यांना दोष देऊन उपयोग नाही, जाण्याआधी मी एकही प्रश्न विचारला नव्हता. ती वही अजून आहे आणि मला अजून तिचं वाईट वाटतं.

म्हणून जाण्याआधी लेखी विचारा, परत आल्यावर निदान दोन वर्षं मला याच भागात, याच कामावर ठेवाल का? बाँड लिहून घेणार असतील तर लिहून द्या, पण त्यात त्यांची बाजूही लिहिलेली असू द्या. आठ आठवडे कामाचे दिवस म्हणून धरणार की रजा म्हणून, हे स्पष्ट करून घ्या. विमा कोणाचा आणि तो पोलावरच्या अपघाताला लागू आहे का, तेही. परक्या देशात तुम्हाला चालू लाईनला हात लावू देणार नाहीत, ते त्यांच्या नियमात बसणार नाही. त्यावर नाराज होऊ नका. पण वर्गात बसवून स्लाइड दाखवणार की फील्डच्या गाडीतून नेणार, हे आधी विचारा. आठातले निदान पाच आठवडे गाडीवर मिळाले पाहिजेत, एवढा आग्रह धरा. तुमच्या नऊ वाड्यांवर त्या दिवसांत कोण, त्याचं नाव ऑर्डरमध्ये असू द्या. बरोबरच्यांच्या टोमण्यामागे हीच भीती आहे की तुमचं काम बोलून न बोलून त्यांच्यावर येणार. तो कागद त्यांना दाखवा, निम्मा टोमणा तिथेच संपेल.

पासपोर्ट नसेल तर आजच लागा. आपल्यासारख्या नोकरीत ऑफिसची ना-हरकत किंवा आधी कळवल्याचं पत्र जोडता येतं, त्यातलं कोणतं चालेल ते आस्थापना विभागाला विचारा. हे सगळं कंपनीतर्फे आहे, तेव्हा मधे कोणी ‘सीट पक्की करतो’ म्हणून पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. आखाताच्या नादाने आपल्या गावांत एजंटांनी काय केलंय ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

घरचं मी फार बोलणार नाही, ते तुम्ही जाणता. एवढंच की बायकोला ‘ठरलं’ म्हणून सांगू नका, फॉर्म भरण्याआधी विचारा. आठ आठवडे आईची गोळी, मुलांचा अभ्यास, पाण्याचा पंप, सगळं तिच्यावर येणार आहे. आईच्या साखरेची तपासणी डिसेंबरात करून घ्या, दोन महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवा, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला कोणाची गाडी येईल ते नावानिशी ठरवून जा.

राहिलं ते जाण्याआधीचं काम, आणि यात मला खरा रस आहे. रिकाम्या हाताने गेलात तर ते दाखवतील तेवढंच बघून याल. आपल्या लाईनचं दुखणं कागदावर घेऊन जा. नऊ वाड्यांतली एक डीपी निवडा, जिच्याखाली जास्त सोलर आहे ती. तिच्याखालची सगळी सोलर घरं लिहून काढा, किती किलोवॉट, कुठल्या पोलावरून, कुठल्या फेजवर. बहुतेक असं निघेल की निम्म्याहून जास्त एकाच फेजवर बसलीत, कारण वाडीच्या त्या बाजूला तीच तार जवळ होती. तसं असेल तर लंकेला जाण्याआधीच साहेबांना सांगून दोन-तीन घरं दुसऱ्या फेजवर घ्या आणि फरक लिहून ठेवा. लहान डीपीला व्होल्टेज कमी-जास्त करायचा टॅप बहुतेक नसतोच, त्यामुळे व्होल्टेज खाली आणायचे मार्ग थोडे आहेत. फेज वाटून देणं, तार जाड करणं, शेवटच्या घराजवळ दुसरी डीपी देणं किंवा इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये काही करणं. यातलं लंकेत काय करून बघितलं, कशाला किती खर्च आला, काय फसलं, हे तुमचे प्रश्न. उत्तरं मराठीतच लिहा, रोज संध्याकाळी, फोटोसह. अहवाल इंग्रजीत मागितला तर साहेबांकडून भाषांतर करून घ्या, पण मूळ मराठी तुमच्याकडे राहू द्या, म्हणजे सेक्शनमधल्या पोरांना वाचता येईल.

डीपीजवळचं एक घर आणि लाईनच्या शेवटचं एक घर, दोन्हीकडे आठवड्यातून एक कामाचा दिवस आणि प्रत्येक रविवार, सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सात, असं व्होल्टेज लिहीत चला. गणपतीचे पाच दिवस तर न चुकता. पहिलं रीडिंग येत्या रविवारी दुपारी एक वाजता, शेवटच्या घरी, मीटरच्या टर्मिनलवर, हातमोजे घालून. आभाळ भरलेलं असेल तर तेही बाजूला लिहा. जो आकडा येईल तो मला कळवा.